शाळामास्तरांचा संत

सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये गरिबांच्या मुलांना शिकविणाऱ्या मास्तराला समाजात काडीचीही किंमत नव्हती. अन्यत्र पोटापाण्याची सोय लागली नाही म्हणून तो शाळेत येई आणि बरी नोकरी मिळताच निघून जाई. या उपेक्षित पेशाला व्रताची प्रतिष्ठा देणारे ज्याँ बाप्तिस्त द ला साल जन्माने मात्र त्यापासून फार दूरचे होते. १६५१ साली रँस शहरातील एका सधन घराण्यात ते जन्मले आणि सोळावे वर्ष चालू असतानाच तेथील कॅथीड्रलच्या कॅननपदाचा मान व उत्पन्न त्यांच्याकडे चालून आले.

१६७९ मध्ये आद्रियाँ निएल हे गृहस्थ गरीब मुलांसाठी शाळा काढण्यास रँसला आले, तेव्हा ला साल यांनी केवळ परोपकार म्हणून त्यांना हात दिला. पुढे शाळा वाढल्या, पण मास्तर अप्रशिक्षित आणि विस्कळीत. तेव्हा त्यांना प्रथम आपल्या पंक्तीला बसवून, १६८१ मध्ये त्यांनी त्यांचे बिऱ्हाडच आपल्या घरी आणले. ज्यांना आपण आपल्या चाकरापेक्षाही हलके लेखीत होतो त्यांच्यासह राहावे लागेल, ही कल्पनाही आरंभी आपणांस असह्य झाली असती, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. आप्तेष्ट संतापले. परंतु खरा प्रहार मास्तरांकडूनच झाला. ईश्वरावर भरवसा ठेवा, असा उपदेश ते करू लागले तेव्हा मास्तरांनी सुनावले, की आपल्यापाशी इस्टेट आहे, कॅननपद आहे. शाळा बुडाल्या तर रस्त्यावर येऊ ते आम्ही! या उत्तराला प्रत्युत्तर नव्हते. १६८३ मध्ये त्यांनी पदाचा राजीनामा दिला आणि त्या सुमाराच्या दुष्काळात आपली संपत्ती भाकरीच्या रूपाने गोरगरिबांस वाटून टाकली.

या मास्तरांचा पुढे बंधुसंघ बनला आणि त्यात कोणीही पुरोहित असावयाचा नाही, असा दंडक ठरला. माझ्या मते त्यांच्या दूरदृष्टीचे हे सर्वांत मोठे गमक होय; कारण देवळाच्या सेवेला जोडून उरल्या वेळात करण्याचे काम, हे शाळेचे गौण स्थान त्यामुळे कायमचे सुटले.

वर्गात त्यांनी घडविलेला पालट अधिक सूक्ष्म आहे. एकेका मुलाला जवळ बोलावून धडा घ्यावा आणि बाकीच्यांनी रिकामे बसावे, या जुन्या प्रघाताऐवजी सारख्या तयारीच्या मुलांनी एकच पुस्तक एकाच वेळी वाचावे, असा क्रम त्यांनी पद्धतशीरपणे बसविला. वाचनाचा आरंभही लॅटिनऐवजी मुलांच्या फ्रेंच भाषेतून केला. मास्तराच्या हाती आवाज करणारे एक लहानसे साधन असे. वाचणारा चुकला की लागोपाठ दोन ठोके पडत, आणि मुलाने तो शब्द पुन्हा वाचावयाचा. न्याहारी शाळेतच होई आणि उरलेली भाकरी एका टोपलीत जमवून अधिक गरीब मुलांस दिली जाई. हजेरीच्या नोंदी, प्रत्येक मुलाच्या स्वभावाचे टिपण, गैरहजेरीच्या कारणांची चौकशी, हे सर्व त्यांच्या शालेय नियमावलीत बारकाईने आले आहे. हा मनुष्य मुलांच्या बाकाशेजारी उभा राहून विचार करीत होता, हे तिच्या पानापानांतून कळते.

पॅरिसमध्ये मात्र फी घेऊन लेखन शिकविणाऱ्या उस्तादांच्या पोटावर तेथे निघालेल्या या मोफत शाळांमुळे पाय आला. फिर्यादी गुदरल्या, दंड झाले, शाळेचे सामान जप्त झाले. एका दुसऱ्या खटल्यात हरल्यावर खचलेले ला साल दक्षिणेत निघून गेले. तेव्हा १ एप्रिल १७१४ रोजी पॅरिसकडील बंधूंनी, ला साल यांनी स्वतः ज्या संघाच्या आज्ञेत राहण्याची शपथ घेतली होती त्याच संघाच्या नावाने, त्यांना परत येऊन कारभार हाती घेण्याचा लेखी हुकूम पाठविला. संस्थापकाने तो शिरसावंद्य मानला.

१७१९ च्या गुड फ्रायडेला रुआँ येथील सें-योंमध्ये त्यांचे देहावसान झाले. १९०० साली त्यांना संतपद मिळाले आणि १९५० मध्ये बाराव्या पायस पोपनी त्यांना सर्व शिक्षकांचे संरक्षक संत म्हणून घोषित केले.