काउंटरवरचा थाट

लंडनमध्ये १९०९ साली उघडलेल्या सेल्फ्रिजेस दुकानाने अत्तरे आणि प्रसाधने तळमजल्यावर, थेट दर्शनी भागात आणली. तोवर उघडपणे रंगरंगोटी करणे घरंदाज बायकांना शोभत नाही, असा समज होता. पुढे न्यूयॉर्कमध्ये एस्टी लॉडर यांनी गिऱ्हाइकाच्या हातावर क्रीम लावून दाखवण्याची आणि खरेदीवर भेटवस्तू देण्याची रीत रुळवली. त्यांचे १९५३चे ‘यूथ ड्यू’ हे खरे तर आंघोळीचे तेल. बायकांनी ते अत्तर म्हणूनही वापरले.

आज संग्राहक जुनी प्रसाधने शोधतात ती मुख्यतः डब्यांसाठी. ‘स्ट्रॅटन’ कंपनीच्या पितळी पावडर-डबीचे आतले झाकण आपोआप उघडे, म्हणजे रंगवलेली नखे शाबूत! प्लास्टिकच्या डब्यांना ती ऐट नाही. आतली जुनी पावडर मात्र चेहऱ्याला लावू नये.