पेरिग्रिन: परका की यात्रेकरू?

आजचा शब्द आहे 'पेरिग्रिन'. बहुतेकांनी तो पक्ष्याच्या नावात ऐकला असेल: पेरिग्रिन फाल्कन, म्हणजे आपला बहिरी ससाणा. पूर्वी हे ससाणे घरट्यातून न काढता स्थलांतराच्या वाटेवर पकडायचे, म्हणून हे नाव. विशेषण म्हणून 'पेरिग्रिन'चा अर्थ आहे बाहेरून आलेला, भटका, परका.

शब्द फोडून बघू. लॅटिनमध्ये 'पेर' म्हणजे मधून आणि 'आगेर' म्हणजे शेत, जमीन. आपल्या वाशिमकडे सोयाबीन किती पेरलं हे आपण एकरात सांगतो ना, तो 'एकर' या आगेरचा चुलतभाऊ. संस्कृतातला 'अज्र' पण त्याच घराण्यातला. तर शेतं ओलांडून परमुलखातून आलेला, तो 'पेरेग्रिनुस'.

रोममध्ये हा चक्क कायद्यातला दर्जा होता. माणूस रोमच्या राज्यात राहतो, गुलाम नाही, पण नागरिकही नाही, तर तो पेरेग्रिनुस. इ.स. 212 मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र लोकांना नागरिकत्व दिलं, तेव्हा कुठे हा भेद बराचसा मिटला.

आता गंमत ऐका. एका शब्दात दोन 'र' आले की जीभ एक बदलून टाकते. आपण 'दरिद्री'चं 'दळिद्री' केलं, तसंच तिकडे 'पेलेग्रिनुस' झालं. त्यातूनच फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला 'पिलग्रिम', म्हणजे यात्रेकरू! परका आणि यात्रेकरू, दोघांचं मूळ एकच.

हे समजायला आपल्याच जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात या. पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला देशभरातून बंजारा भाविक येतात, तेव्हा आपण त्यांना यात्रेकरू म्हणतो, वाट करून देतो, पाणी विचारतो. याच समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. पण इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि अनेक भटक्या समाजांवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. बंजारा समाज आजही महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे.

म्हणजे चालणारा तोच, वाटही तीच. त्याला काय म्हणायचं ते गावात बसलेला ठरवतो. यात्रेत आलेला पाहुणा, आणि कामाच्या शोधात आलेला मात्र 'बाहेरचा'.

तुमच्या गावात बाहेरून आलेल्या माणसाला काय म्हणतात? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. भेटू मग!