धनैषणा आणि वैद्याचा उत्तरकाळ

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात प्राणैषणेपाठोपाठ धनैषणेला स्थान दिले आहे. साधनांवाचून लाभलेल्या दीर्घायुष्यासारखे दुसरे पाप नाही, हे त्यामागील कारण. रुग्णांना आपण दीर्घायुष्याचा मार्ग दाखवितो. स्वतःच्या उत्तरकाळाची तरतूद मात्र राहून जाते.

तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा येथे व्यवसाय करताना हे प्रकर्षाने जाणवते. शेतकरी रुग्णाची उधारी कापूस वा ऊस विकल्यावर फिटते. उत्पन्न हंगामी आणि निवृत्तिवेतन नाही. म्हणून पैसा हाती येताच त्यातील एक हिस्सा बाजूला काढावा.

सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत वर्षाला किमान 500 व कमाल दीड लाख रुपये सोयीने भरता येतात. मुदत 15 वर्षांची, व्याज करमुक्त. पंचेचाळिशीत उघडलेले खाते साठीच्या सुमारास हाती येते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनाही 2009 पासून सर्व नागरिकांना खुली आहे.

चिकित्सकांना 2016-17 पासून अनुमानित उत्पन्नाची सवलत आहे. वार्षिक जमा 50 लाखांपर्यंत (रोख जमा पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास 75 लाखांपर्यंत) असेल, तर किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी लागते. सविस्तर हिशेबवह्यांची सक्ती राहत नाही. औषधविक्री हा मात्र व्यापार होय. तिची बिले व बँक खाते स्वतंत्र ठेवावे आणि करसल्लागाराचे मत घ्यावे.

औषधालय विकून म्हातारपण निभेल, या भरवशावर राहू नये. वैद्याच्या हातगुणावर चालणारे दुकान वैद्याबरोबरच थकते.