संगणकाने ठेवलेली नावे

समजा, रक्त तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत रोज शेकडो नळ्या येतात. प्रत्येक नळीला एक छोटेसे नाव द्यायचे आहे. नुसते 'पाटील' लिहून भागणार नाही, पाटील पुष्कळ! आणि दोन नळ्यांना एकच नाव पडले, तर एकाचा मधुमेह दुसऱ्याच्या कागदावर जायचा.

मग १, २, ३ असे क्रमांक का देऊ नयेत? कारण क्रमांक फार बोलके असतात. दुसऱ्या महायुद्धात हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांवरील क्रमांक पाहून दोस्तांच्या संख्याशास्त्रज्ञांनी ऑगस्ट १९४२ मधील उत्पादन ३२७ ठरवले. हेरखात्याचा अंदाज होता १५५०. युद्धानंतर कागदपत्रांत खरा आकडा सापडला, ३४२! शिवाय, आपल्या क्रमांकात एक मिळवला की शेजाऱ्याच्या अहवालाचा क्रमांक तयार.

म्हणून संगणक चिठ्ठ्या काढल्यासारखी अक्षरे उचलतो. १० अंक आणि २६ रोमन अक्षरे मिळून चिन्हे ३६. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने यांतली चार गाळली. 'ओ' शून्यासारखा दिसतो, 'आय' आणि 'एल' एकासारखे. 'यू'चा दोष निराळा: तो असला की इंग्रजीत चुकून एखादी शिवी तयार व्हायची!

उरली ३२. सहा जागा, प्रत्येक जागी ३२ पर्याय. ३२ ला सहा वेळा मांडून गुणा. सुमारे १०७ कोटी नावे होतात. नळ्या जेमतेम हजारोंनी, तेव्हा नावांची टक्कर कशी होईल?

इथेच आपली अटकळ फसते. वर्गात २३ मुले असली, तर त्यांपैकी कोणाही दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. मुले २३ असली तरी जोड्या २५३ होतात, आणि टक्कर होते ती जोडीची. तसेच ३९,००० नळ्यांच्या जोड्या होतात सुमारे ७६ कोटी. म्हणजे १०७ कोटी नावे हाताशी असूनही ३९,००० नळ्यांतच टक्कर होण्याची शक्यता निम्म्यावर येते! दोन अक्षरे वाढवा. नावे १०२४ पट होतील, पण ही धोक्याची रेषा ३२ पटच पुढे सरकेल, सुमारे १२ लाखांवर.

खरा उपाय साधा आहे. दिलेल्या नावांची एक वही ठेवायची. नवे नाव तीत आधीच असेल, तर दुसरी चिठ्ठी काढायची. मात्र वहीत पाहणे आणि लिहिणे एका दमात झाले पाहिजे. नाहीतर दोन संगणक एकाच क्षणी पाहतील, जागा मोकळी दिसेल आणि दोघेही तेच नाव लिहून मोकळे होतील.

जिथे अशी सामाईक वही नसते, तिथे लांबलचक नावे वापरतात. त्यांतला एक प्रचलित प्रकार ३६ चिन्हांचा असतो आणि शक्य नावांची संख्या ३७ अंकी. ती नळीवर चिकटवायला किंवा फोनवरून सांगायला मात्र कोणी धजणार नाही. ती यंत्रांनी यंत्रांना सांगायची.