पासष्ट सेंटिमीटरची शिडाची नौका

आरजी-६५ हा रेडिओने चालवायच्या शिडाच्या नौकांचा एक वर्ग आहे आणि त्याची नियमावली मुद्दाम तोकडी ठेवलेली आहे. हल म्हणजे नौकेचे अंग जास्तीत जास्त ६५० मिलिमीटर लांब, शिडांचे एकूण क्षेत्रफळ जास्तीत जास्त ०.२२५ चौरस मीटर, डेकपासून डोलकाठीची उंची जास्तीत जास्त ११०० मिलिमीटर. वजन किती, रुंदी किती, तळाखालचे पाते म्हणजे फिन किती खोल, हल लाकडाचे की काचतंतूंचे, हे सारे बांधणाऱ्याच्या मर्जीवर. मोटर चालत नाही. किनाऱ्यावरून दोनच गोष्टी हलवता येतात, सुकाणू आणि शिडांच्या दोऱ्या. हा वर्ग अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये रुजला व पुढे युरोप आणि उत्तर अमेरिकेत पसरला. टेबलावर बांधता येते आणि काखोटीला मारून बसमधून तळ्यावर नेता येते, हे या मापाचे खरे आकर्षण.

खेळण्यातल्या नौकांच्या शर्यती मात्र रेडिओपेक्षा जुन्या आहेत. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधील राउंड पाँड किंवा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील कॉन्झर्व्हेटरी वॉटर ही तळी या छंदासाठीच ओळखली जातात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील मार्बलहेड गावी रेड्स पाँड नावाचे तळे आहे. १९३० च्या सुमारास त्या गावातून ‘मार्बलहेड’ वर्ग निघाला: ५० इंच लांबी आणि ८०० चौरस इंच शीड, हेच त्याचे मुख्य नियम. तेव्हा नौका सोडली की ती आपल्या मर्जीची मालक. मालक काठी घेऊन काठाकाठाने धावे आणि नौका किनाऱ्याला लागली की तिला वळवून पुन्हा पाण्यात ढकली. दिशा टिकवण्याचे काम सुकाणूला जोडलेल्या यंत्रणेकडे असे. आधी शिडाच्या दोरीच्या ताणावर चालणारी यंत्रणा होती, १९३० च्या दशकात वातकुक्कुटासारखे वाऱ्याचा रोख धरणारे छोटे पंख आले. रेडिओने धावपळ संपवली आणि मालक एका जागी उभा राहून शर्यत खेळू लागला. १९८८ मध्ये ‘इंटरनॅशनल वन मीटर’ हा वर्ग निघाला. आज मोठ्या स्पर्धांमध्ये तो सर्वांत रुळलेला आहे: एक मीटर हल, किमान चार किलो वजन, ठरवून दिलेल्या मापांची शिडे. घरी पहिलीच नौका बांधणाऱ्याला मात्र चार किलोंपेक्षा एक किलो झेपते.

लहान नौका म्हणजे मोठ्या नौकेची आक्रसलेली नक्कल असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे, आणि या छंदातील बहुतेक निराशेचे मूळही तिथेच आहे. एखादी खरी नौका सर्व बाजूंनी दहापट लहान केली, तर शिडाचे क्षेत्रफळ शंभरपट घटते. वारा मात्र तोच राहतो. शिडाची उंची दहापट कमी झाल्याने नौकेला कलवणारा परिणाम, म्हणजे जोर गुणिले तरफेची लांबी, एकूण हजारपट कमी होतो. दुसऱ्या बाजूला नौकेचे वजन लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी घटते, म्हणजे तेच हजारपट कमी होते. त्या वजनाची तरफही दहापट आखूड होते. मग नौकेला सरळ करणारा परिणाम दहा हजारपट घटतो. नक्कल अशा रीतीने मूळ नौकेपेक्षा दहापट लेचीपेची होते. हौसेने बनवलेले जुन्या जहाजाचे हुबेहूब मॉडेल पाण्यात टाकताच आडवे होते ते यामुळेच. अशा मॉडेलना तळाशी काढता-घालता येणारी खोल फिन जोडतात आणि प्रदर्शनात ठेवताना ती काढून टाकतात.

आरजी-६५ चे रूप याच हिशेबातून आले आहे. हल चिंचोळे आणि उथळ असते. त्याखाली तीसेक सेंटिमीटर खोल अरुंद फिन आणि फिनच्या टोकाला शिशाचा लांबट बल्ब. तयार नौकेचे वजन साधारण एक किलो भरते आणि त्यातले निम्म्याहून अधिक या बल्बात असते. पाण्याच्या रेषेपासून ३० सेंटिमीटर खाली ५५० ग्रॅम शिसे असेल आणि नौका ३० अंश कललेली असेल, तर तिला सरळ करणारा परिणाम सुमारे ८ किलोग्रॅम-सेंटिमीटर येतो. पूर्ण शिडावर ताशी ११ किलोमीटरचा वारा जवळजवळ तेवढ्याच परिणामाने तिला कलवतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वारा दुप्पट झाला की हिशेब चौपट बिघडतो. मोठ्या शिडांना पर्याय म्हणून वर्गात आणखी दोन लहान संचांची मुभा आहे, ती यासाठी. डोलकाठीच्या शेंड्यावरचे १० ग्रॅम पाण्यापासून सुमारे ११५ सेंटिमीटर उंच असतात, म्हणून ते बल्बातील ३८ ग्रॅम शिसे निकामी करतात. डेकवर सुबक कठडे आणि चाके बसवण्याचा मोह का टाळावा, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

हल बांधण्याच्या पद्धती अनेक आहेत: फोमच्या ठोकळ्यावर काचतंतू चढवणे, त्रिमितीय छपाई, साच्यातून ओतीव हल. घरगुती बांधणीत सर्वांत समाधान देणारी पद्धत मात्र फळ्यांचीच. नौकेच्या आराखड्यावरून दर सहा-सात सेंटिमीटरवरचे आडवे छेद प्लायवुडवर उतरवून साचे कापतात आणि सपाट फळीवर उलटे उभे करतात. हल उलटेच घडते. साच्यांवर बाल्सा लाकडाच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या, बोटभर रुंद पट्ट्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एकेक करून वाकवतात. पट्टी उजवीकडे एक लावली की डावीकडे एक लावावी, नाहीतर हल पिळवटते. बाल्सा हे मुख्यतः इक्वेडोरमधून येणारे अतिशय हलके लाकूड. ते पाणी मात्र स्पंजासारखे पिते. म्हणून घासून गुळगुळीत केल्यावर बाहेरून चौरस मीटरला पन्नास ग्रॅम वजनाचे पातळ काचकापड इपॉक्सीने चिकटवतात. साचे काढल्यावर आतूनही इपॉक्सीचा हात फिरवावा लागतो. पाण्यात विरघळणारा सुतारी डिंक इथे उपयोगाचा नाही. नवखा बांधणारा इपॉक्सी सढळ हाताने ओततो आणि हल शंभर ग्रॅमने जड करून बसतो. कापडाची वीण दिसत राहील इतपतच राळ ठेवणे हे कौशल्य आहे.

शिशाचा बल्ब ओतणे हे घरातले सर्वांत धोक्याचे काम. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम भरते, म्हणजे ५५० ग्रॅमचा बल्ब ४९ घनसेंटिमीटरचा. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा दोन अर्ध्यांचा साचा वापरतात. तो ओव्हनमध्ये खडखडीत वाळवलेला हवा, कारण ओलाव्याची एका झटक्यात वाफ होऊन तप्त शिसे उसळते. काम उघड्यावर, हातमोजे व चष्मा घालून करावे, आणि त्यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. कोकणच्या किनाऱ्यावर जाळ्यांना लावायची शिशाची वजने सहज मिळतात. ती ठोकून व इपॉक्सीत बसवूनही बल्ब करता येतो. तो थोडा फुगीर होतो, पण भट्टीची भानगड वाचते. फिन कार्बनची किंवा काचतंतूंत गुंडाळलेल्या प्लायवुडची करतात. ती पिळली जाऊ नये, एवढीच अट. ती थोडी मागे झुकवली तर पाणवनस्पती अडकत नाहीत. हायड्रिला आणि जलपर्णीने भरलेल्या महाराष्ट्रातील तलावांवर हा झुकाव शोभेचा नाही.

रिगिंग म्हणजे डोलकाठी, शिडे आणि त्यांच्या दोऱ्यांची जुळणी. नौका वेगाने पळते की नुसती तरंगते, ते हलपेक्षा इथे अधिक ठरते. शिडे दोन: मागचे मोठे मेन आणि पुढचे लहान जिब. कापड म्हणजे बहुधा पॉलिएस्टरची पातळ फिल्म, ३६ ते ५० मायक्रॉनची. ड्राफ्टिंग फिल्म किंवा फुलांच्या गुच्छावरचा कडक पारदर्शक कागद यांनीही भागते. एका सपाट तुकड्यातून कापलेले शीड सपाटच राहते आणि सपाट शीड वाऱ्याला नीट वळवत नाही. त्यामुळे शीड तीन-चार आडव्या पट्ट्यांत कापतात. प्रत्येक जोडाची एक कड सरळ आणि दुसरी एक-दोन मिलिमीटर बाहेर फुगलेली ठेवून दुहेरी चिकटपट्टीने जोडतात. दोन्ही कडा जुळवताना फिल्मला खोलगट व्हावेच लागते. हा फुगवटा हलका असावा. फार पोट असलेले शीड वाऱ्याविरुद्ध जाताना नौकेला मागे ओढते.

डोलकाठी पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या कार्बन नळीची. तिच्या शेंड्यापासून मागच्या टोकाला जाणारी दोरी म्हणजे बॅकस्टे. ती ताणली की डोलकाठीचा माथा मागे जातो, डोलकाठीवरून पुढे उतरणारी दोरी ताठ होते आणि जिबची पुढची कड सरळ राहते. मेन शिडाच्या तळाची आडवी दांडी म्हणजे बूम. तिच्याखाली व्हँग नावाची तिरकी दोरी असते. ती बूमला वर उठू देत नाही, आणि शिडाचा वरचा भाग किती पिळवटायचा ते तिच्या ताणावर ठरते. शेंड्याशी वारा थोडा जोराचा आणि थोड्या वेगळ्या कोनातून येतो, म्हणून थोडा पीळ हवाच असतो. जिबचा बूम डेकला त्याच्या टोकाशी नव्हे, तर पुढून पाचव्या-चौथ्या हिश्शावर लटकवतात. पुढची दोरी बूमचे पुढचे टोक वर ओढते, त्यामुळे मागचे टोक खाली दबते आणि वेगळ्या व्हँगची गरज उरत नाही. कल्पना जुनी आणि देखणी आहे. प्रत्येक दोरीवर तीन भोकांचा छोटा सरकता तुकडा असतो, त्याला बाउझी म्हणतात. त्याने गाठ न सोडता ताण बदलता येतो. दोरी म्हणून मासेमारीची विणलेली डायनीमा उत्तम, कारण ती ताणून वाढत नाही. नायलॉन ओले झाले की सैलावते आणि सकाळची सारी जुळणी दुपारी बिघडते.

आत दोन सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर आपला हात फिरवणारी छोटी यंत्रे, असतात. सुकाणूला नऊ ग्रॅमचा सूक्ष्म सर्व्हो पुरतो, शिडांना दणकट हवा. बूमच्या कड्यापासून डेकवरच्या कड्यापर्यंतची दोरी, म्हणजे शीट, साधारण १४ सेंटिमीटर सोडता-ओढता आली तर शीड पूर्ण आडवे जाते. ९० अंश फिरणारा हात एवढे अंतर कापायला १० सेंटिमीटर लांब लागेल, आणि चिंचोळ्या हलमध्ये तो मावत नाही. म्हणून दोरी हाताच्या टोकावरून दुमडून नेतात. ५ सेंटिमीटरच्या हातावर काम होते, पण हाताच्या टोकाच्या जोराच्या निम्माच जोर दोरीला मिळतो. सहा किलोग्रॅम-सेंटिमीटरचा सर्व्हो अशा मांडणीत दोरीला सुमारे ६०० ग्रॅमची ओढ देतो. मंद वाऱ्याला ती भरपूर आहे.

रेडिओबद्दल फार सांगण्याजोगे राहिलेले नाही. पूर्वी प्रत्येक संचाला ठरावीक वारंवारतेचा क्रिस्टल लागे आणि तळ्यावर दोघांचे क्रिस्टल जुळले तर एकाची नौका दुसऱ्याच्या हाती जाई. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी हा प्रश्न मिटवला. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. ही लहर पाण्यातून जात नाही, म्हणून रिसीव्हरची तार हलच्या तळाशी न ठेवता डेकलगत वर चिकटवावी.

पहिली चाचणी तळ्यावर करू नये. घरच्या टबात किंवा हौदात फिनसह हल सोडावे आणि बॅटरी पुढे-मागे सरकवून ते पाण्यात समतल बसते का ते पाहावे. सुकाणूच्या नळीत ग्रीस भरावे आणि डेकवरची झाकणे चिकटपट्टीने बंद करावीत. तरीही थोडे पाणी शिरतेच. त्यासाठी मागच्या टोकाला बुचाचे भोक ठेवतात.

पाण्यावर सर्वांत आधी समतोल कळतो. शिडाच्या जोराचे केंद्र फिनच्या प्रतिकाराच्या केंद्रापेक्षा किंचित पुढे हवे, कारण कललेली नौका आपोआप वाऱ्याकडे वळू पाहते. सुकाणू सतत एका बाजूला धरून ठेवावे लागत असेल तर ते ब्रेकसारखे वागते. नौका वाऱ्याकडे पळत असेल तर डोलकाठी थोडी पुढे झुकवावी, वाऱ्यापासून दूर जात असेल तर मागे. वाऱ्याच्या रोखाच्या फार जवळून कोणतीही नौका चालत नाही, तिला नागमोडी जावे लागते. एवढ्या लांबीच्या हलचा नैसर्गिक वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या संथ चालीइतका. वाऱ्याला पाठ देऊन, पुढचे टोक पाण्यात घुसू न देता पळाली तर ती याहून वेगवान होते. किनाऱ्याकडे येणाऱ्या नौकेचा डावा-उजवा हात पाहणाऱ्याला उलटा दिसतो. नौकेत बसल्यासारखे पाहण्याची सवय लागायला वेळ जातो.

शर्यती शिडाच्या नौकांच्या सर्वसाधारण नियमांवरच होतात. रेडिओ नौकांसाठी त्यांत ‘ई’ हे परिशिष्ट जोडलेले आहे. वळसा घालायच्या खुणेभोवतीचे क्षेत्र इथे तीनऐवजी चार हलच्या लांबीचे धरतात, कारण दुरून अंतराचा अंदाज चुकतो. तयार संच घेणाऱ्यांसाठी याच मापाची ‘ड्रॅगन फोर्स ६५’ आहे. तिच्या शर्यतीत सर्वांच्या नौका सारख्याच असतात. भारतात अशा नौकांचे बांधकाम एनसीसीच्या नौदल शाखेतील कॅडेटना अधिक परिचित आहे, कारण जहाजांची मॉडेल बांधणे हा त्यांच्या प्रशिक्षणाचा भाग आहे.

पाण्याबाहेर काढल्यावर बूच उघडून पाणी निथळू द्यावे, झाकणांची चिकटपट्टी काढावी, बॅटरी वेगळी करावी आणि बॅकस्टे सैल सोडावा, कारण ताणलेली दोरी दिवसेंदिवस हलला वाकवते. फिल्मची शिडे घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवतात. समुद्राच्या पाण्यात चालवली असेल तर हे सारे करण्याआधी ती गोड्या पाण्याने धुवावी लागते, सुकाणूची नळी आणि सर्व्होंच्या तारांच्या जोडांसकट.