मांडव, रस्ता आणि परवानगी

सार्वजनिक रस्त्यावर मांडव घालून उत्सव साजरा करण्याची रीत महाराष्ट्रात इतकी रुळलेली आहे, की एका मांडवासाठी किती वेगवेगळ्या कायद्यांची संमती लागते, याची कल्पना दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सहसा नसते. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने 1893 पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक स्वरूप मिळत गेले, त्याच वर्षी मुंबईत गिरगावातील केशवजी नाईक चाळीत उत्सव सुरू झाला, आणि 2025 मध्ये राज्य शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. या सव्वाशेहून अधिक वर्षांत उत्सव वाड्यांच्या आणि चाळींच्या अंगणातून चौकात आला, चौकातून हमरस्त्यावर गेला, आणि त्याच्या प्रत्येक पावलागणिक परवानगीचा एकेक नवा कागद जोडला गेला. हे कागद कमी व्हावेत, ही मंडळांची जुनी मागणी आहे आणि ती रास्तही आहे; मात्र कोणता कागद कशासाठी मागितला जातो हे समजून न घेता केवळ त्यांची संख्या घटवली, तर कार्यकर्त्यांचा त्रास थोडा कमी होईल, पण रस्ता अडलेल्या नागरिकाचा त्रास जसाच्या तसा राहील.

मंडळाला लागणाऱ्या संमतींचे मूळ निरनिराळ्या कायद्यांत आहे. रस्ता ही महापालिकेच्या ताब्यातील सार्वजनिक जागा असल्यामुळे त्यावर तात्पुरते बांधकाम उभारण्याची परवानगी महापालिका देते. मुंबईत 1888 च्या महापालिका अधिनियमानुसार आणि राज्यातील इतर महानगरपालिकांत 1949 च्या अधिनियमानुसार सण-समारंभांसाठी अशी परवानगी देण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, पण तो पोलिसांच्या सहमतीनेच वापरायचा असतो. मिरवणुका, गर्दी आणि वाहतूक यांचे नियमन 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली होते. ध्वनिवर्धकाला केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वेगळी लेखी परवानगी लागते. वर्गणी गोळा करायची आणि मंडळाची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी नसेल, तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम 41 क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून तात्पुरती संमती घ्यावी लागते आणि उत्सवानंतर जमाखर्चाचा हिशेब द्यावा लागतो. याखेरीज अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला आणि वीज कंपनीची तात्पुरती जोडणी आहेच.

ही यादी वाचून नोकरशाहीने उगाच वाढवलेला पसारा असा समज होणे स्वाभाविक आहे, पण तो पूर्णपणे बरोबर नाही. यातील प्रत्येक कार्यालय वेगळा प्रश्न विचारत असते. मांडवाशेजारून वाहन जाईल का, हे वाहतूक शाखा पाहते. कापड आणि थर्माकोल यांच्या इतक्या जवळून गेलेल्या तारांना आग लागली तर माणसे कुठून बाहेर पडतील, हे अग्निशमन दल पाहते. ज्यांच्या दारात पावतीपुस्तक गेले त्यांचा पैसा कुठे गेला, याच्याशी धर्मादाय कार्यालयाचा संबंध असतो. प्रश्न सगळे खरे आहेत. चूक एवढीच, की त्यांची उत्तरे गोळा करत एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरण्याचे काम वर्षानुवर्षे मंडळाच्या चिटणिसावर टाकले गेले, आणि त्यातही तोच नकाशा, तीच पदाधिकाऱ्यांची यादी आणि गतवर्षीच्या परवानगीची तीच छायाप्रत प्रत्येक टेबलावर नव्याने मागितली गेली.

मुंबई, पुणे आणि इतर शहरांनी यावर काढलेला उपाय म्हणजे एक खिडकी योजना. मंडळाने एकच अर्ज करायचा आणि तो पोलीस ठाणे, वाहतूक शाखा व अग्निशमन दल यांच्याकडे पाठवण्याची जबाबदारी महापालिकेने घ्यायची, असे तिचे स्वरूप आहे. मुंबईत हा अर्ज विभाग कार्यालयात आणि पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात हाताळला जातो, आणि अलीकडे तो ऑनलाइनही भरता येतो. यामुळे खेटे कमी झाले हे निर्विवाद आहे. तथापि, खिडकी एक झाली तरी निर्णय घेणारे अधिकारी पूर्वीइतकेच राहतात, कारण महापालिकेच्या कर्मचाऱ्याला पोलिसांच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणताही कायदा देत नाही. एखाद्या ठाण्यात अर्ज पडून राहिला, तर तो कुठे अडला हे अर्जदाराला दिसावे, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचे कारण द्यावे लागावे, या दोन गोष्टी नसतील तर एक खिडकी म्हणजे केवळ टपालपेटी ठरते. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवेसाठी नियत कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि तीन टप्प्यांचे अपील अशी चौकट तयार आहे. उत्सवाच्या परवानग्या त्या चौकटीत नीट बसवणे हा सर्वांत कमी खर्चाचा सुधार ठरेल. उत्तर आले नाही म्हणजे परवानगी मिळाली असे मानावे, अशीही एक सूचना अधूनमधून पुढे येते. ती मोहक असली तरी धोक्याची आहे, कारण आगीसंबंधीची तपासणी न झालेला मांडव केवळ मुदत टळली म्हणून सुरक्षित होत नाही. दिरंगाईची शिक्षा अधिकाऱ्याला व्हावी, मांडवात येणाऱ्या माणसांना नव्हे.

परवानगीच्या व्यवहारात अर्जदार आणि अधिकारी या दोघांखेरीज तिसराही एक पक्ष असतो, तो म्हणजे उत्सवात भाग न घेणारा, पण त्याच रस्त्यावर राहणारा माणूस. त्याची दखल प्रशासनापेक्षा न्यायालयाने अधिक ठामपणे घेतली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2015 आणि 2016 मध्ये जे आदेश दिले, त्यांत रस्ते आणि पदपथ सुस्थितीत व मोकळे मिळणे हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला गेला, आणि रहदारीला अडथळा होईल अशा जागी मांडवाला परवानगी देऊ नये असे बजावण्यात आले. उत्सवापूर्वी अधिकाऱ्यांच्या पथकाने मांडवांची प्रत्यक्ष पाहणी करावी आणि नागरिकांना तक्रार नोंदवण्याची सोय असावी, या अपेक्षाही त्याच आदेशांतून आल्या. मंडळांना हे निर्बंध जाचक वाटले, पण त्यांतून एक मौलिक गोष्ट घडली: रस्त्याचा वापर ही परंपरेने आपोआप मिळणारी बाब नसून सर्वांच्या मालकीच्या जागेतून काही दिवसांपुरती दिलेली सवलत आहे, हे तत्त्व स्पष्ट झाले. नियम सोपे करताना या तत्त्वाला धक्का लागणार नाही, हे पाहिलेच पाहिजे.

सुलभीकरणाचे सर्वांत महत्त्वाचे पाऊल अलीकडे उचलले गेले ते परवानगीच्या मुदतीबाबत. पुणे महापालिकेने 2022 मध्ये मंडळांना पाच वर्षांची परवानगी एकदम देण्याचे ठरवले, आणि मुंबईत 2024 मध्ये आधीच्या दहा वर्षांत नियमांचे पालन केलेल्या मंडळांसाठी पाच वर्षांच्या परवानगीची सोय करण्यात आली. यामागचा विचार योग्य आहे. पन्नास वर्षे त्याच चौकात, त्याच मापाचा मांडव घालणाऱ्या मंडळाला दरवर्षी आपले अस्तित्व नव्याने सिद्ध करायला लावण्यात कोणाचेच हित नसते. मात्र एका परवानगीत दोन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. मंडळाची नोंदणी, मांडवाची जागा आणि त्याची लांबी-रुंदी या सहसा न बदलणाऱ्या बाबी आहेत, तर शेजारी सुरू असलेले मेट्रोचे किंवा मलवाहिनीचे काम, वाहतुकीची बदललेली दिशा, वीजजोडणीची अवस्था आणि यंदाच्या देखाव्याचे वजन या दरवर्षी बदलणाऱ्या बाबी आहेत. पहिल्या प्रकारच्या बाबींना पाच वर्षांची संमती द्यावी आणि दुसऱ्या प्रकारच्या बाबींची वार्षिक, पण थोडक्यात तपासणी व्हावी, असा भेद नियमातच केला, तर मुदत वाढवल्याने सुरक्षितता घटण्याचे कारण उरणार नाही.

याहून कमी चर्चिला गेलेला प्रश्न आकाराचा आहे. गल्लीच्या टोकाला दहा बाय दहा फुटांच्या मांडवात मूर्ती बसवणारे वीस-पंचवीस घरांचे मंडळ आणि दिवसाकाठी लाखांची गर्दी खेचणारे मंडळ, या दोघांना अर्जाचा नमुना बहुधा एकच असतो. मोठ्या मंडळाकडे वकील, लेखापाल, मांडव कंत्राटदार आणि ओळखीचा नगरसेवक असतो. लहान मंडळाकडे कचेरीतून अर्धी रजा काढून रांगेत उभा राहिलेला एक कार्यकर्ता असतो. त्यामुळे नियम कागदावर समान असले तरी त्यांचा भार समान पडत नाही, आणि कंटाळून विनापरवाना मांडव घालण्याकडे लहान मंडळेच अधिक वळतात. अपेक्षित गर्दी, मांडवाची उंची, व्यापलेली रस्त्याची रुंदी आणि ध्वनिक्षेपणाचे तास या चार निकषांवर उत्सवांच्या श्रेणी ठरवाव्यात, खालच्या श्रेणीला एका पानाची सूचना पुरेशी मानावी, आणि वाचलेले मनुष्यबळ वरच्या श्रेणीतील मांडवांच्या प्रत्यक्ष तपासणीकडे वळवावे, हा मार्ग प्रशासनालाही परवडणारा आहे. सोपेपणाचा खरा लाभ ज्याला हवा आहे, तो हा लहान मंडळाचा कार्यकर्ता होय.

परवानगीतील अटी जमिनीवर कशा उतरतात, हे मांडवाच्या खड्ड्यांच्या उदाहरणावरून चांगले दिसते. पूर्वीपासूनच्या पद्धतीत वासे रोवण्यासाठी डांबरी रस्त्यात पहारीने खड्डे घेतले जातात. उत्सव भाद्रपदात, म्हणजे पावसाळा सरण्यापूर्वी येत असल्यामुळे मांडव उतरल्यावर त्या खड्ड्यांत पाणी मुरते, कडेची खडी सुटते आणि एका वाशाच्या जागी काही आठवड्यांत हातभर रुंद खळगा तयार होतो. मुंबईत अशा प्रत्येक खड्ड्यासाठी दोन हजार रुपयांचा दंड होता. 2025 मध्ये तो पंधरा हजारांवर नेण्यात आला आणि मंडळांच्या विरोधानंतर पुन्हा दोन हजारांवर आणण्यात आला. या खेचाखेचीत मूळ मुद्दा बाजूला पडला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारून त्याचे पाय वाळूने भरलेल्या पिंपांत किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवले, तर रस्ता खणावाच लागत नाही, आणि असे मांडव अनेक ठिकाणी उभे राहतातही. तेव्हा दंडाची रक्कम वाढवण्यापेक्षा न खणता मांडव घालणाऱ्या मंडळाला शुल्कात सूट आणि खणणाऱ्याकडून आगाऊ अनामत, अशी रचना केली असती तर वादाला जागाच राहिली नसती.

आवाजाच्या बाबतीत मात्र सुलभीकरणाला फारसा वाव नाही, आणि असूही नये. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल एवढी मर्यादा नियमांनी घातली आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सण आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे, आणि वर्षभरातील सगळ्या उत्सवांना मिळून हेच पंधरा दिवस वाटून द्यायचे असतात. ही वाटणी वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर झाली, तर प्रत्येक उत्सवाच्या तोंडावर चालणारा दबावाचा खेळ बराचसा थांबेल.

गणेशोत्सवाची यंत्रणा सर्वांत विकसित असली तरी तीच सुविधा नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, उरूस, ताबूत, नाताळ आणि वस्तीतील वाचनालयाचा वर्धापनदिन यांनाही मिळायला हवी. एका उत्सवाला खास खिडकी आणि इतरांना जुनीच वणवण, ही स्थिती अन्यायाची आहे, आणि ती टाळण्याचा सरळ उपाय म्हणजे नियम उत्सवाच्या नावावर न लिहिता गर्दी, जागा आणि वेळ यांवर लिहिणे. नगरपरिषदांच्या लहान शहरांत याची गरज आणखी तीव्र आहे. तेथे मुख्याधिकाऱ्यांच्या हाताखाली मोजके कर्मचारी असतात, बाजारपेठेचा एकच रस्ता आठवडी बाजाराला, जत्रेला आणि एस.टी.च्या गाड्यांनाही लागतो, आणि परवानगी अनेकदा ओळखीवर, तोंडी दिली जाते. तोंडी नकाराची कुठे नोंद होत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. होकार किंवा नकार, दोन्ही कारणांसह लेखी द्यावेत, हा एवढा नियम अशा शहरांत कोणत्याही संगणक प्रणालीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

मिळालेल्या परवानगीची प्रत मांडवाच्या दर्शनी भागात लावावी, ही अट आजही घातली जाते, परंतु त्या प्रतीवर जावक क्रमांक, सही आणि शिक्का यांपलीकडे सामान्य माणसाला उमगेल असे फार थोडे असते. मांडवाची मंजूर लांबी-रुंदी, रुग्णवाहिकेसाठी मोकळी ठेवायची रुंदी, ध्वनिवर्धक बंद करण्याची वेळ, मांडव उतरवण्याची तारीख आणि तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक एवढ्या पाच गोष्टी ठळक मराठीत छापल्या, तर शेजारच्या इमारतीतील कोणताही रहिवासी मोजपट्टी घेऊन स्वतः पडताळा घेऊ शकेल, आणि नियम पाळणाऱ्या मंडळालाही खोट्या तक्रारीला त्याच कागदाने उत्तर देता येईल.