मॉनिटरचे रिझोल्यूशन आणि देवनागरी मजकूर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डेस्कटॉप संगणकासाठी मॉनिटर घेणाऱ्या ग्राहकापुढे मुख्यतः दोन आकडे ठेवले जातात, एक इंचांचा आणि दुसरा रिझोल्यूशनचा, आणि हे दोन्ही आकडे जितके मोठे तितका मॉनिटर चांगला, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावरील पिक्सेलांची, अर्थात ज्या सूक्ष्म प्रकाशठिपक्यांनी चित्र घडते त्यांची, आडवी व उभी संख्या होय. इंचांचा आकडा हे पडद्याच्या कर्णाचे माप असते. आणि पडद्यावरचे अक्षर किती रेखीव दिसेल हे या दोहोंच्या परस्परसंबंधावर, म्हणजे एका इंचाच्या लांबीत किती पिक्सेल बसवले आहेत यावर ठरते. या मापाला पिक्सेल घनता म्हणतात. कापडाची प्रत जशी ताग्याच्या लांबीवरून न ठरता विणीच्या घट्टपणावरून ठरते, तसेच हे आहे.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की, मोठ्या पडद्यावर अधिक मजकूर मावतो आणि तो अधिक स्पष्टही दिसतो. वस्तुतः १९२० गुणिले १०८० पिक्सेलांचा, म्हणजे फुल एचडी रिझोल्यूशनचा मॉनिटर २२ इंची असो वा २७ इंची, सेटिंग तेच असेल तर दोहोंवर तितक्याच ओळी आणि स्प्रेडशीटचे तितकेच स्तंभ दिसतात. फरक पडतो तो ठिपक्यांच्या आकारात. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल असतात, तर २७ इंचांवर तीच घनता ८२ पर्यंत घसरते. उलट २५६० गुणिले १४४० पिक्सेलांच्या, क्यूएचडी नावाने विकल्या जाणाऱ्या २७ इंची मॉनिटरची घनता सुमारे १०९ असते आणि ३८४० गुणिले २१६० पिक्सेलांच्या, म्हणजे ४के मॉनिटरची त्याच आकारात १६३ असते. क्यूएचडी रिझोल्यूशनचा ३२ इंची पडदा तर २४ इंची फुल एचडी पडद्याइतक्याच घनतेचा, म्हणजे ९२ चा असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ही घनता किती असावी, याचे उत्तर डोळ्याच्या क्षमतेत आणि बसण्याच्या अंतरात आहे. सर्वसाधारण निरोगी दृष्टीला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखता येतो, असे नेत्रविज्ञानात मानले जाते. या हिशेबाने पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर बसणाऱ्या व्यक्तीला सुमारे ०.१७ मिलिमीटरपर्यंतचे बारकावे जाणवतात. २७ इंची फुल एचडी पडद्यावरील एक पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा असल्याने त्या अंतरावर अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. क्यूएचडीवर हाच पिक्सेल ०.२३ मिलिमीटरचा होतो आणि ४के पडद्यावर तो ०.१६ मिलिमीटरच्याही किंचित खाली येऊन डोळ्याच्या मर्यादेपाशी पोहोचतो. म्हणूनच ४के आणि फुल एचडी यांतला फरक माणसाला दिसतच नाही, हे विधान खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून पाहिलेल्या छोट्या टीव्हीबाबत खरे ठरले, तरी हातभर अंतरावरच्या मॉनिटरला ते लागू पडत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयाचा खरा गाभा पुढेच आहे, आणि इंग्रजी मजकूर समोर ठेवून दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांत तो हमखास निसटतो. विंडोजमध्ये शंभर टक्के मापावर एका इंचाला ९६ पिक्सेल धरले जातात. त्यामुळे १२ पॉइंटचे अक्षर अवघ्या १६ पिक्सेलांच्या मापात आणि मेनूंमधले ९ पॉइंटचे अक्षर १२ पिक्सेलांत बसवावे लागते. रोमन लिपीचे अक्षर तेवढ्यात निभावून नेते. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि काही जोडाक्षरांचा दुसरा थर, अशी उभी रचना त्याच तुटपुंज्या जागेत करावी लागते. परिणामी ऱ्हस्व आणि दीर्घ उकार सारखे दिसू लागतात, ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘प’ आणि ‘ष’ यांतला भेद पुसट होतो, रफारावरचा अनुस्वार त्यातच मिसळून जातो आणि ‘द्ध’ व ‘द्व’ एकमेकांच्या जागी वाचले जातात. मुद्रितशोधन, अनुवाद, पाठ्यपुस्तकांची जुळणी किंवा न्यायालयीन टंकलेखन करणाऱ्यासाठी ही सौंदर्याची नव्हे, अचूकतेची बाब आहे. पडद्यावर न दिसलेली चूक कागदावर छापली जाते. अधिक पिक्सेल घनतेची चैन फक्त छायाचित्रकारांना आणि खेळ खेळणाऱ्यांना परवडावी, असे मानणे म्हणूनच चुकीचे आहे. देवनागरीत दिवसभर काम करणाऱ्याची गरज त्यांच्याहून कमी नाही.

याउलट, ४के मॉनिटरवर अक्षरे इतकी बारीक होतात की वाचताच येत नाहीत, अशी भीतीही व्यक्त केली जाते. मापन शंभर टक्क्यांवरच ठेवले, तर हे खरे आहे. परंतु विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘स्केल’ हे प्रमाण १५० टक्के केले की २७ इंची ४के पडद्यावर क्यूएचडीइतकाच मजकूर तेवढ्याच आकारात मावतो आणि १२ पॉइंटचे तेच अक्षर १६ ऐवजी २४ पिक्सेलांत रेखले जाते. खरी अडचण आहे ती जुन्या सॉफ्टवेअरची. पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरची शेवटची प्रमुख आवृत्ती २००१ सालची आहे; त्या काळातल्या प्रोग्रामांना या मापनाची जाणीव नसल्याने विंडोज त्यांची खिडकी चित्रासारखी ताणून मोठी करते आणि अक्षरे धुरकट दिसतात. ज्या छपाई कार्यालयाचे सारे काम अजून अशा सॉफ्टवेअरवर चालते, त्याने ४केचा आग्रह न धरता शंभर टक्के मापनावर चालणारा २४ इंची फुल एचडी किंवा २७ इंची क्यूएचडी मॉनिटर घेणेच शहाणपणाचे आहे.

अक्षर मोठे दिसावे म्हणून स्केल न वाढवता रिझोल्यूशनच कमी करण्याची सवय मात्र सर्वस्वी सोडून द्यावी अशी आहे. काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरवर चित्र इलेक्ट्रॉनांच्या झोताने रेखले जाई, त्यामुळे तेथे वेगवेगळी रिझोल्यूशने बऱ्यापैकी खपून जात. आजच्या एलसीडी पडद्यातील पिक्सेल कारखान्यातच कायमचे बसवलेले असतात आणि त्यांच्या मूळ संख्येहून, म्हणजे नेटिव्ह रिझोल्यूशनहून, कमी आकडा निवडला की एका पिक्सेलची माहिती दोन-तीन पिक्सेलांवर अर्धवट पसरून कडा विरघळतात. जाहिरातीतील ‘४के सपोर्ट’ या शब्दांनीही फसू नये. काही स्वस्त उपकरणे ४के संकेत स्वीकारतात, पण आपल्या कमी पिक्सेलांवर तो आक्रसून दाखवतात. म्हणून माहितीपत्रकात नेटिव्ह रिझोल्यूशनचाच आकडा शोधावा. ‘२के’ या नावाचाही भरवसा नाही, कारण सिनेमाच्या मानकात २के म्हणजे २०४८ गुणिले १०८० पिक्सेल, तर दुकानात त्याच नावाखाली बहुधा क्यूएचडी विकला जातो.

योग्य पडदा निवडूनही चित्र अपेक्षेप्रमाणे दिसत नाही, तेव्हा दोष बहुधा जोडणीत असतो. आयबीएमने २००१ साली २२.२ इंचांचा, ३८४० गुणिले २४०० पिक्सेलांचा टी२२० मॉनिटर आणला, तेव्हा त्याला चित्र पुरवण्यासाठी त्या काळातील एक डीव्हीआय जोडणी अपुरी पडे आणि पूर्ण क्षमतेसाठी चार जोडण्या वापराव्या लागत. पडदा पुढे आणि तार मागे, हे चित्र आजही दिसते. एचडीएमआय १.४ या मानकाची जोडणी ४के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलू शकते, त्यामुळे माऊसचा बाण अडखळत सरकतो. ६० वेळा बदलण्यासाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ आणि त्यापुढचे मानक लागते. संगणक, तार आणि मॉनिटर या तिघांतील सर्वांत दुबळा घटक वेग ठरवतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात मॉनिटरची तार मदरबोर्डच्या पोर्टला न लावता कार्डाच्याच पोर्टला लावावी. मात्र ४केसाठी महागडे ग्राफिक्स कार्ड हवेच, हा समज खरा नाही: लेखन, हिशेब आणि व्हिडिओ यांसाठी गेल्या काही वर्षांतील प्रोसेसरमध्ये अंतर्भूत असलेले ग्राफिक्स बहुधा पुरते, फक्त त्या संगणकाचे पोर्ट वरील मानकाचे आहे ना, एवढे तपासावे. ४केचे सुमारे ८३ लाख पिक्सेल सेकंदाला कित्येकदा नव्याने रंगवावे लागतात ते त्रिमितीय खेळांत, आणि भारी कार्डाची गरज तिथेच आहे.

मॉनिटरऐवजी ४३ इंची ४के टीव्ही वापरणे अनेकांना किफायतशीर वाटते. त्याची घनता सुमारे १०२ असल्याने तो हिशेब अगदी चुकीचाही नाही. पण काही टीव्ही संकेतातील रंगाची माहिती दर चार पिक्सेलांमागे एकदाच घेतात. चित्रपटात हे जाणवत नाही, मजकुरात मात्र रंगीत अक्षरांच्या कडा फुटतात. इतका रुंद पडदा हातभर अंतरावर ठेवला की मानही सतत वळवावी लागते.

मराठी मजकुराचे काम नव्या सॉफ्टवेअरवर करणाऱ्यासाठी २७ इंची ४के मॉनिटर आज सर्वांत योग्य ठरतो, मध्यम खर्चात त्याच आकाराचा क्यूएचडी आणि कमी खर्चात २४ इंची फुल एचडी पुरेसा होतो. २७ इंची फुल एचडी मॉनिटर मात्र, तो कितीही स्वस्त मिळत असला तरी, जवळून वाचण्याच्या कामासाठी घेऊ नये. दुकानात मांडलेल्या पडद्यांवर भडक रंगांचे व्हिडिओ फिरत असतात आणि त्यांवरून घनतेचा अंदाज येत नाही, म्हणून ग्राहकाने विक्रेत्याला एखादे मराठी पान ९ किंवा १० पॉइंटच्या अक्षरांत उघडायला सांगावे, नेहमीच्या अंतरावर बसून त्यातील रफार, अनुस्वार आणि उकार वाचून पाहावेत, आणि मगच पैसे मोजावेत.